आधी आकडा, मग परीक्षा: सॉफ्टवेअरच्या नोकरीत रास्त पगार कसा मिळवावा

मुलाखतीचे पाच राऊंड, घरी करायची असाइनमेंट, दोन रात्रींचं जागरण आणि शेवटी एचआरचा फोन: "आमचं बजेट एवढंच आहे." आणि तो आकडा सध्याच्या पगारापेक्षाही कमी! माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. दुसऱ्यांदा फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की हा आकडा त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता, आणि मी तो एकदाही विचारला नव्हता.

पुढे मी स्वतः मुलाखती घ्यायला लागलो आणि खात्रीच पटली. जागा मंजूर होते तेव्हाच तिची रेंज, म्हणजे पगार किमान किती आणि कमाल किती, ठरलेली असते. उमेदवाराला ती माहीत नसते, आणि त्याचं बहुतेक नुकसान तिथेच होतं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

1. अर्ज करण्याआधी बाजारभाव काढा

पदाच्या नावावर जाऊ नका. एका कंपनीतला 'सीनियर' दुसरीकडे मधल्या फळीत बसतो. कामाची लेव्हल बघा: किती मोठ्या सिस्टिमची जबाबदारी आहे, डिझाइन कोण ठरवतं, हाताखाली किती जण आहेत. 'लेव्हल्स डॉट एफवायआय' ही साइट 2017 पासून कंपनी आणि लेव्हलनुसार आकडे गोळा करते. 'ग्लासडोअर' त्याहून जुनी, पण तिथे पदांची नावं ढोबळ असतात. तिथले आकडे घेताना तारीख बघा. तीन वर्षांपूर्वीच्या आकड्यावर आज बोलणी करता येत नाहीत.

आणखी एक चांगला मार्ग म्हणजे जिथे रेंज छापणं कायद्याने बंधनकारक आहे तिथल्या जाहिराती. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये 2021 पासून, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर 2022 पासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी 2023 पासून असे नियम आहेत. युरोपीय संघानेही 2023 मध्ये उमेदवाराला मुलाखतीआधी पगार किंवा रेंज सांगण्याचा निर्देश काढला आणि तो अमलात आणायला सदस्य देशांना 7 जून 2026 ही मुदत दिली. तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण दोन लेव्हलमध्ये किती टक्के फरक असतो हे त्यातून साधारण कळतं.

सगळ्यात खरी माहिती मात्र सहकाऱ्यांकडेच असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण पगाराच्या बाबतीत ती मूठ झाकलेली राहण्यात फायदा कंपनीचाच होतो. गूगलमध्ये काम केलेल्या एरिका बेकर यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की तिथे असताना त्यांनी पगारांची एक साधी स्प्रेडशीट सुरू केली, लोकांनी तीत आपापले आकडे भरले आणि त्या जोरावर काहींनी पगारवाढ मागून मिळवली. थेट पगार विचारायला संकोच वाटत असेल तर असं विचारा: "या कामाला अमुक ते अमुक मिळावं असं मला वाटतंय. बरोबर आहे का?" याला बहुतेक लोक उत्तर देतात.

बाजार आपोआप रास्त भाव देतो, या भरवशावर राहू नका. नोकरी देऊ करण्यासाठी एकमेकांच्या माणसांना फोन करायचा नाही, असं मोठ्या कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकल्याचं प्रकरण अमेरिकेच्या न्याय खात्याने 2010 मध्ये उघड केलं. त्यावरच्या खटल्यात ॲपल, गूगल, इंटेल आणि अडोबी यांनी मिळून 41.5 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तिला 2015 मध्ये न्यायालयाची मंजुरी मिळाली. तिकडचे इंजिनियर आधीच भरपूर कमावणारे होते, तरी त्यांचा भाव दाबला गेला होता.

2. पहिल्याच फोनवर रेंज विचारा

रिक्रूटरचा फोन आला की तंत्रज्ञान, टीम वगैरे ऐकून घ्या आणि मग सरळ म्हणा: "तुमचा आणि माझा वेळ वाचावा म्हणून विचारतो, या जागेसाठी मंजूर रेंज काय आहे?" एवढं बोलून थांबा. पुढची शांतता आपण भरायला जातो आणि स्वतःचा आकडा फोडून बसतो. तो मोह आवरा.

"तुमचा सध्याचा पगार किती?" हा प्रश्न हमखास येतो. कॅलिफोर्नियात 2018 पासून तो विचारायलाच मनाई आहे, कारण एकदा कमी पगारावर सुरुवात झालेला माणूस मग प्रत्येक नोकरीत मागेच राहतो. कायदा नसेल तिथे असं उत्तर द्या: "या जबाबदारीसाठी माझी अपेक्षा इतकी आहे." फॉर्ममध्ये सध्याचा पगार भरावाच लागला तर खरा भरा. खोटा आकडा पगाराची स्लिप मागितली की उघडा पडतो आणि हातची ऑफर जाते.

त्याच फोनवर राऊंड किती, निर्णय कोण घेणार आणि साधारण किती दिवसांत, हेही विचारून घ्या. रेंज सांगायला साफ नकार मिळाला तर मी पुढे जात नाही. नोकरीची निकड असेल तर तुम्ही जा, पण असाइनमेंट घेण्याआधी पुन्हा एकदा विचारा.

3. असाइनमेंटला वेळेची हद्द घाला

मला एकदा "चार तासांचं काम" म्हणून एक असाइनमेंट आली होती. लॉगिन, दोन एपीआय, डेटाबेस, टेस्ट आणि वर डिप्लॉय करून, म्हणजे इंटरनेटवर चालू करून, लिंक द्यायची. शनिवार-रविवार गेले, सोमवारची रात्र गेली. उत्तर आलं तीन आठवड्यांनी, एका ओळीचं. कोड कोणी उघडून तरी पाहिला का, हे मला आजही माहीत नाही.

आता मी सुरू करण्याआधीच लिहून कळवतो: "मी यावर चार तास देईन. जे राहील ते कसं केलं असतं हे रीडमीमध्ये लिहीन." (रीडमी म्हणजे कोडसोबत दिलेली माहितीची फाइल.) कोड कोण तपासणार, कशावर गुण देणार आणि नंतर त्यावर चर्चा होणार का, हेही विचारतो. याला समजूतदार टीमने हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. काम त्यांच्या चालू प्रॉडक्टमधलंच दिसलं तर त्याचे पैसे मागा. ते दिले नाहीत तर तुमचा जुना, स्वतःचा कोड दाखवायची तयारी दाखवा.

4. लाइव्ह कोडिंगच्या निकालावरून स्वतःला मोजू नका

नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2020 मध्ये 48 जणांवर एक प्रयोग केला. काहींनी मुलाखतकारासमोर बोलत बोलत बोर्डवर कोड लिहिला, बाकीच्यांनी बंद खोलीत एकट्याने. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली गेली. त्यामुळे सराव करताना गणितांइतकाच कोणीतरी बघत असताना मोठ्याने बोलत सोडवण्याचा सराव करा. एखादा मित्र शेजारी बसवला तरी पुरतं. मुलाखतीत अडलात तर "दोन मिनिटं शांतपणे विचार करतो" असं मोकळेपणाने सांगा.

5. उत्तर आलं नाही तर

सांगितलेल्या मुदतीनंतर दोन दिवसांनी एक मेल, आठवड्याने दुसरी. तिसरी करू नका. एका कंपनीच्या आशेवर बाकीच्या मुलाखती मात्र कधीही थांबवू नका.

6. ऑफर कागदावर मांडा

मोठा आकडा बघून हुरळून जाण्याची जागा हीच. समजा, ऑफर 'अ' मध्ये मूळ पगार 100, 'कमाल' 20 बोनस, चार वर्षांत मिळून 80 चे स्टॉक ऑप्शन्स आणि 10 जॉइनिंग बोनस आहे. एचआर म्हणेल, स्टॉकचे वर्षाला 20 धरून पहिल्या वर्षी एकूण 150. ऑफर 'ब' मध्ये 122 पगार आणि 5 हमखास बोनस, म्हणजे 127.

आता एकेक ओळ तपासा. 'कमाल' 20 म्हणजे शून्यही असू शकतो; मागच्या दोन वर्षांत टीमला प्रत्यक्षात किती टक्के मिळाला ते विचारा. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत सोडलंत तर बहुधा परत द्यावा लागतो. ऑप्शन्स म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याचा हक्क, हातात आलेले पैसे नव्हेत. चार वर्षांच्या नेहमीच्या योजनेत पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच हाती लागत नाही. नोकरी सोडली तर ठरावीक मुदतीत, अनेक ठिकाणी 90 दिवसांत, खिशातून पैसे घालून ते घ्यावे लागतात. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे असतील तर विकायला गिऱ्हाईकही नसतं. म्हणजे दुसऱ्या वर्षी खात्रीने मिळणारे पैसे 'अ' मध्ये 100, 'ब' मध्ये 127. घरभाडं आणि हप्ते या आकड्यातून जातात.

7. आकडा मागा, लेखी घ्या

एकच नेमका आकडा मागा आणि कारण कामाशी जोडा: "ही लेव्हल आणि ही जबाबदारी पाहता 115 मूळ पगार असेल तर मी आजच होकार देतो." घरखर्चाचं कारण देऊ नका, त्यावर कोणाचंच बजेट हलत नाही. पगार हलत नसेल तर लेव्हल, जॉइनिंग बोनस किंवा सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार मागा. जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये छापून घ्या. "नंतर बघू" असं फोनवर सांगणारा मॅनेजर सहा महिन्यांनी दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो.

राजीनामा द्यायचा तो सही झालेलं पत्र हातात आल्यावर, रुजू व्हायची तारीख आणि नोटीस पीरियड त्यात बरोबर लिहिलाय हे पाहूनच.