चेन सॉ कमरेला बांधताना या चुका टाळा

मृग लागण्याआधी मराठवाड्यात फांद्या छाटण्याची एकच घाई उडते. वळवाच्या वाऱ्यात विजेच्या तारांवर येणारा कडुनिंब किंवा वाड्यावर झुकलेली चिंच उतरवून देणाऱ्यांकडे आता कुऱ्हाडीऐवजी चेन सॉ, म्हणजे गावच्या बोलीत कटर मशीन, आलेली आहे आणि अनेकांच्या अंगावर हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टेही दिसतात. मात्र ही मशीन हार्नेसला जोडायची कशी, हे हाताशी सापडेल त्या वस्तूवरून ठरते. कोणी बैलाचा कासरा वापरतो, कोणी मोटारसायकलच्या कॅरिअरचा रबरी पट्टा, तर कोणी किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसली चकचकीत कडी.

यातील सर्वांत घातक चूक सर्वांत समंजस वाटते, ती म्हणजे मशीन पक्क्या दोराने बांधणे. दोर पक्का हवा हा विहिरीवर आणि गोठ्यात खरा ठरणारा नियम येथे उलटतो. अर्धवट कापलेली फांदी खाली झुकताना पात्याला चिमटा बसतो, आणि ती मोडून पडते तेव्हा अडकलेल्या मशीनलाही सोबत ओढून नेते. मशीन न तुटणाऱ्या कासऱ्याने कमरेला बांधलेली असेल, तर फांदीचे सगळे वजन क्षणात माणसाच्या कमरेवर येते. म्हणून झाडावरच्या कामासाठी बनवलेल्या स्ट्रॉपमध्ये, म्हणजे मशीन अडकवायच्या ताणपट्ट्यात, एक जागा मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. ठरावीक ताणाच्या पुढे तेथील शिवण उसवते, मशीन फांदीबरोबर जाते आणि माणूस झाडावर राहतो. मशीन दुरुस्त होते किंवा नवी घेता येते, हे ठेकेदाराला आधीच पटवून ठेवलेले बरे.

हे तत्त्व समजलेले काही हुशार कारागीर दोराच्या मध्ये सुतळीचा तुकडा बांधतात. कल्पना योग्य असली तरी साधन बेभरवशाचे आहे, कारण उन्हापावसाने कुजलेली सुतळी नेमकी किती ताणाला तुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. ५ किलोची मशीन हातातून सुटून १ मीटर पडली आणि न ताणणाऱ्या दोराने ५ सेंटिमीटरच्या आत थांबली, तर बसणारा झटका सरासरी शंभर किलोच्या ओझ्याइतका असतो. एवढ्याने सुतळी तुटली, तर मशीन थेट खाली फांद्या ओढणाऱ्या साथीदाराच्या डोक्यावर येते, आणि तिपदरी बांधली म्हणून ती तुटली नाही, तर फांदी अडकल्यावरही ती तुटेल याची खात्री उरत नाही. चांगल्या स्ट्रॉपमध्ये लवचीक भाग हा झटका मवाळ करतो आणि कमजोर शिवण कारखान्यात मोजून घातलेली असते. ही मोजणी घरी होत नाही, म्हणून निदान एवढी वस्तू तरी विकतचीच असावी.

मशीन कोठे अडकवायची, यातही गफलत होते. आपल्याकडे सहज मिळणारा हार्नेस बहुधा बांधकामावरचा असतो (त्यासाठीचे भारतीय मानक आय.एस. ३५२१ आहे), आणि त्याच्या पाठीवरची कडी पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी असते, अवजारासाठी नव्हे. समोर, चढण्याचा दोर जोडलेल्या कडीतच मशीन अडकवणे त्याहून वाईट, कारण पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते आणि ताणलेला दोर तिच्यापुढे क्षणभरही टिकत नाही. काही हार्नेसवर मशीनसाठी वेगळी जागा दिलेली असते. ती असेल तर तीच वापरावी. स्ट्रॉपचे मशीनकडील टोक मशीनच्याच मागच्या बाजूला दिलेल्या कडीत अडकवावे, मुठीला दोर गुंडाळू नये. किल्ल्यांची कडी आणि कॅरिअरचा हूक झटक्यात उघडतात, त्यामुळे ते येथे बादच समजावेत.

आता लांबीविषयी. मशीन लटकताना पायात अडखळत असेल किंवा पोटरीवर आपटत असेल, तर स्ट्रॉप लांब आहे, आणि हात पूर्ण लांबवताना कमर ओढली जात असेल, तर तो आखूड आहे. फांद्यांतून चढताना तो अडकत असेल, तर मशीन कमरेच्या बाजूच्या हुकाला जवळ घ्यावी आणि कापतानाच लांब सोडावी.

मशीन लटकती सोडण्यापूर्वी चेन ब्रेक, म्हणजे साखळी फिरू न देणारा ब्रेक, लावण्याचे राहून जाते, ही सवयीची चूक आहे. गरम सायलेन्सरकडे तर कोणी पाहतच नाही. बाजारातील स्वस्त रंगीत दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि तो साधारण १६० अंशांना वितळतो, त्यामुळे सायलेन्सर ज्या बाजूला आहे ती बाजू नेहमी अंगापासून आणि दोरापासून दूर राहील अशीच मशीन लटकवावी.

स्ट्रॉप नसेल किंवा मशीन मोठी, मागे मूठ असलेली असेल, तर ती अंगाला बांधूच नये. झाडाच्या मजबूत बेचक्यातून वेगळा दोर टाकून तिचे ओझे त्यावर ठेवावे, म्हणजे फांदीने मशीन ओढली तरी ताण झाडावर जातो. साथीदाराने ती जमिनीवर सुरू करून गरम करावी, बंद करून ब्रेक लावावा आणि मगच वर पाठवावी. नवी जोडणी केली की पहिल्यांदा जमिनीपासून हातभर उंचीच्या फांदीवर, बंद मशीन लटकवून, वाकून आणि वळून पाहावे.