जॅमच्या गेमवर फीडबॅक कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा

गेम जॅम, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायचा उपक्रम, संपला की सगळे झोपा काढतात, पण पुढचे काही दिवस एकमेकांचे गेम खेळून रेटिंग द्यायचे असतात, आणि तिथे निम्म्या गेमखाली "मस्त गेम, आर्ट भारी!" एवढंच लिहिलेलं सापडतं. वाचून बरं वाटतं, पण दोन दिवस जागून गेम बनवणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

आधी जॅमचे नियम बघा. लुडम डेअर या ऑनलाइन गेम जॅममध्ये कॉम्पो नावाच्या गटात ४८ तास, एकट्याने, आर्ट आणि आवाजासकट सगळं स्वतःच बनवायचं, आणि जॅम नावाच्याच दुसऱ्या गटात ७२ तास, टीम चालते. कॉम्पोच्या गेमला "अजून लेव्हल्स हव्या होत्या" म्हणण्यात काय अर्थ आहे सांगा. मग डिस्क्रिप्शन न वाचता पाच मिनिटं खेळा, कुठे अडकलात ते टिपून ठेवा आणि मगच कंट्रोल्स वाचा. ती पहिली पाच मिनिटं फार मोलाची असतात, कारण एकदा कंट्रोल्स कळले की नवख्या माणसाची नजर परत येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमचं काय झालं ते लिहा, उपाय नंतर. समजा तिसऱ्या लेव्हलला हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवरून उडी मारताना तुम्ही सारखे पडताय. "तिसरी लेव्हल खूप अवघड आहे, सोपी करा" असं लिहिलंत तर गेम बनवणारा बिचारा मधलं अंतर कमी करेल, लेव्हल मिळमिळीत होईल आणि उडी तशीच बिघडलेली राहील. त्याऐवजी "अगदी कडेला जाऊन जंप दाबला तरी उडी लागत नाही, मला वाटतं मी वेळेत दाबतोय" असं लिहिलंत की त्याच्या लगेच लक्षात येतं की कोयोटी टाइम टाकायचा राहिलाय, म्हणजे पाय कडेवरून सुटल्यावरही पाच-सहा फ्रेम उडी मारू देणं, आणि ते काम दोन-चार ओळींचं असतं. तक्रार तीच, पण लेव्हल वाचते.

बग सांगताना ब्राउझर, विंडोज का मॅक, कंट्रोलर होता का, आणि नेमकं काय केल्यावर झालं हे लिहा. कीबोर्डसुद्धा सांगा, फ्रेंच लेआउटवर डब्ल्यू ए एस डी ची (बऱ्याच गेममध्ये इकडेतिकडे हलायची) बटणं एकत्र नसतात आणि जर्मनवर झेड आणि वाय अदलाबदल झालेले असतात, त्यामुळे ज्या गेममध्ये तुम्हाला काहीच खटकलं नाही तो दुसऱ्या कोणाला खेळताच येत नसेल. गेम अर्धवट सोडलात तर कुठे सोडलात तेही लिहा, लाजू नका, ही सगळ्यात उपयोगी माहिती आहे. आणि आवडलेलं सांगतानाही नेमकं सांगा, "मेल्यावर लगेच परत सुरू होतं म्हणून राग आला नाही" असं, म्हणजे पुढे काय बदलायचं नाही हे त्याला कळतं. मल्टिप्लेअर टाका, स्टोरी टाका वगैरे यादी मात्र नको.

आता फीडबॅक घेणाऱ्यासाठी. "अहो, शिफ्ट धरून ठेवायचं होतं, डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलंय" असं उत्तर देऊ नका. खेळणाऱ्याला कळलं नाही म्हणजे गेमने सांगितलं नाही, विषय संपला. कोणी समोर बसून खेळत असेल तर हात मांडीवर आणि तोंड बंद ठेवा, कितीही जीव तळमळला तरी. एकाने म्हटलं तर टिपून ठेवा, तिघं-चौघं एकाच जागी अडले तर ती जागा दुरुस्त करा, पण त्यांनी सुचवलेलाच उपाय करायला हवा असं नाही, जागा त्यांची बरोबर असते, औषध बऱ्याचदा चुकतं. "गेम कसा वाटला" असं विचारलंत तर "छान" येणारच, त्यापेक्षा "कुठे कंटाळा आला", "काय करायचं ते कुठे कळेना" असं विचारा.

सबमिशननंतर बदल करायला किती परवानगी आहे ते जॅमप्रमाणे बदलतं, बऱ्याच ठिकाणी फक्त गेम बंद पाडणारे बगच दुरुस्त करता येतात, म्हणून जॅमचं व्हर्जन तसंच ठेवून सुधारलेलं वेगळं टाका. आणि तुमच्या गेमला कमीच जणांनी रेटिंग दिलंय म्हणून नुसती वाट बघत बसू नका, तुम्ही इतरांचे गेम खेळलात की तेही तुमचा खेळतात, लुडम डेअरला स्कोर मिळायलाच साधारण २० रेटिंग लागतात, तेव्हा रोज तीन-चार गेम खेळा, नीट लिहा, आणि तुमच्या गेमवर ज्यांनी मन लावून लिहिलंय त्यांच्या गेमपासून सुरुवात करा.