काँजेनर म्हणजे पिकांची भावकी. नातं लावताना या चुका टाळा

कृषीच्या पोरांना ‘काँजेनर’चा अर्थ विचारला की ‘जवळची पिकं’ असं उत्तर येतं. एवढ्यावर भागत नाही. प्रजाती (जीनस) एक आणि जाती वेगळ्या, तरच काँजेनर. मूग, उडीद, मटकी, चवळी हे चौघं ‘विग्ना’ प्रजातीचे. तूर, हरभरा त्याच कुळातले, पण काँजेनर नाहीत. लातूरच्या आडतीवर सगळं कडधान्यच, पण ती वाटणी बाजाराची.

दिसण्यावरून नातं लावू नका. बटाटा आणि वांगं दोन्ही ‘सोलॅनम’, म्हणजे काँजेनर. रताळ्याचं मात्र कुळच वेगळं.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे काँजेनर असले की संकर होतोच. कापसात बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे देशी वाण ‘गॉसिपियम आर्बोरियम’ जातीचे, गुणसूत्रं 26. आपल्याकडची बहुतेक बीटी कपाशी ‘हिर्सुटम’, गुणसूत्रं 52. प्रजाती एकच, तरी दोघांचा संकर सहजी जमत नाही. जमलाच तर रोपात 39 गुणसूत्रं येतात आणि ते बहुधा वांझ निघतं. म्हणून देशी कपाशीशेजारी बीटी लावली की बियाणं ‘बिघडतं’ ही भीती फारशी खरी नाही. बिघाड होतो तो एकाच जातीचे दोन वाण शेजारी असले तर, आणि त्यांना काँजेनर म्हणतच नाहीत.

रोगाचं उलटं. सोयाबीन मुगाचा काँजेनर नाही, त्याची प्रजाती ‘ग्लायसिन’. तरी पिवळा मोझॅक मूग, उडीद, सोयाबीन तिघांवरही येतो, कारण हा रोग पसरवणारी पांढरी माशी प्रजाती बघून बसत नाही. मुगाची पानं पिवळी पडू लागली की शेजारचं सोयाबीनही तपासा.

जुनं पुस्तक वापरत असाल तर सांभाळून. त्यात मूग-उडीद राजम्याच्या ‘फॅसिओलस’मध्ये सापडतील, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं राजमाही त्यांचा काँजेनर, आज नाही. आणि ‘विग्ना मुंगो’ म्हणजे मूग नव्हे, उडीद! मूग ‘विग्ना रेडिएटा’. मोबाइलवर शोधताना नाव ऐकून फसायला होतं, आणि माहिती भलत्याच पिकाची हाती येते.

रसायनशास्त्रातले काँजेनर वेगळे. पीसीबी या प्रदूषकाचे 209 काँजेनर सांगतात, तिथे प्रजातीचा संबंध नाही. सांगाडा एकच, क्लोरिनचे अणू किती आणि कुठे एवढाच फरक.