गेमिंगसाठी ऑल-इन-वन घेताय? या चुका टाळा

ऑल-इन-वन कॉम्प्युटर म्हणजे पडद्यामागे बसवलेला, बॅटरी नसलेला लॅपटॉप. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानातल्या निम्म्या चुका आपोआप टळतात. बहुतेक मॉडेल्समध्ये प्रोसेसर लॅपटॉपचाच असतो, ग्राफिक्स त्याच्याच पोटात असतं आणि तो मदरबोर्डला कायमचा सोल्डर केलेला असतो. पडदाही बदलता येत नाही. नंतर बदलता येते ती फार तर रॅम आणि एसएसडी. म्हणून जे पुढे बदलता येणार नाही तिथे पैसे घाला आणि जे बदलता येईल तिथे हात आखडता घ्या. लोक नेमकं उलटं करतात. एक टीबीची एसएसडी आणि २७ इंची पडदा बघून खूश होतात, आणि आत कोणती चिप आहे हे घरी आल्यावर, गेम अडखळायला लागला की शोधतात.

इथे गेमिंग म्हणजे व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, सेटिंग कमी ठेवून जीटीए ५, आणि ज्यांचा जीव अजून ईएच्या क्रिकेट ०७ मध्ये अडकलाय त्यांच्यासाठी तेही. (ते कशावरही चालतं, त्याची चिंता नको.) ताजे, भारी ग्राफिक्सचे गेम खेळायचे असतील तर ऑल-इन-वनच्या वाटेला न गेलेलं बरं. तेवढ्या पैशांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वेगळी कॅबिनेट आणि मॉनिटर जोडून घेतलात तर पुढे ग्राफिक्स कार्ड टाकायची सोय तरी राहते.

‘आय५ आहे ना, मग चालेल’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आय५ किंवा रायझन ५ हे नुसतं घराण्याचं नाव आहे. पूर्ण मॉडेल नंबर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इंटेलचा कोअर आय५-१३४२०एच घ्या. हा ऑल-इन-वनमध्ये बऱ्याचदा दिसतो. ‘एच’ म्हणजे ताकदवान मालिका, असं विक्रेता सांगतो आणि प्रोसेसरपुरतं ते खरंही आहे. पण त्याच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ४८ एक्झिक्यूशन युनिट्स (चित्र रंगवणारे छोटे कामगार म्हणा) आहेत. ‘यू’ मालिकेतल्या, कागदावर हलक्या दिसणाऱ्या आय५-१३३५यू मध्ये तीच ८० आहेत. एक्सेल आणि व्हिडिओ एडिटिंगमध्ये एच पुढे राहील, पण गेमचा भार ग्राफिक्सवर असतो आणि तिथे यूचं पारडं जड होऊ शकतं. ‘होऊ शकतं’ का म्हणतोय, ते रॅमच्या भागात कळेल.

एएमडीकडे गोंधळ याहून मोठा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या दोन नावांत एका आकड्याचा फरक आहे. २०२३ पासूनच्या या चार आकडी नावांमध्ये तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. ७५२०यू मध्ये चार कोअर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि रेडिऑन ६१०एम नावाचं दोनच कॉम्प्युट युनिट्सचं ग्राफिक्स. ७५३०यू मध्ये सहा कोअर आणि सात युनिट्सचं ग्राफिक्स. त्यात भर म्हणजे ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो. ती बोर्डावर सोल्डर केलेली येते, म्हणजे पुढे वाढवायचा प्रश्नच मिटला. अभ्यास, झूम, यूट्यूबसाठी मशीन चांगलं; गेमसाठी नको.

इंटेलचे एन१००, एन२००, आय३-एन३०० हेही याच रांगेतले. नावात आय३ असलं तरी आत फक्त वीज वाचवणारे छोटे कोअर आहेत आणि मेमरीचा चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारा रस्ता, एकच.

१६ जीबी रॅम, पण एकाच स्टिकवर

पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते सिस्टिमच्या रॅममधूनच खातं, त्यामुळे रॅम किती यापेक्षा रॅमपर्यंतचा रस्ता किती रुंद हे गेममध्ये जास्त जाणवतं. डीडीआर४-३२०० रॅमची एक स्टिक (पट्टी) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनेलवर लावल्या तर ५१.२. कंपन्या मात्र खर्च वाचवायला सर्रास एकच स्टिक टाकतात.

इंटेलचा स्वतःचा नियमच बघा. १३३५यू सारख्या चिपवर ‘आयरिस एक्सई’ हे नाव रॅम दोन्ही चॅनेलवर असेल तरच मिळतं. एकाच चॅनेलवर असेल तर तेच ग्राफिक्स साधं ‘यूएचडी’ म्हणून दिसतं. खोक्यावर आयरिस एक्सई आणि विंडोजमध्ये यूएचडी दिसत असेल तर मशीन बिघडलेलं नाही, एक स्लॉट रिकामा आहे.

तपासायला दोन मिनिटं लागतात. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक असं दिसलं तर तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी स्टिक टाका. ८ जीबीची एकच स्टिक असलेलं चांगल्या चिपचं मशीन घेऊन त्यात दुसरी ८ जीबी टाकणं, हा माझ्या मते या वर्गातला सगळ्यात शहाणा सौदा आहे. काही मॉडेल्सची पाठ नुसत्या क्लिप्सवर बसवलेली असते आणि उघडताना पडद्याला तडा जाण्याची भीती असते. म्हणून खरेदीच्या वेळीच दुकानदाराकडून स्टिक बसवून घ्या आणि त्याने वॉरंटीला धक्का लागत नाही हे बिलावर लिहून घ्या.

‘डीडीआर५ ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनेल’ असंही काउंटरवर ऐकायला मिळतं. अर्धसत्य आहे. स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन उपचॅनेल असतात, बेरीज तीच ६४ बिट. दुसऱ्या स्टिकची गरज संपत नाही.

आणि ‘४ जीबी ग्राफिक्स’ लिहिलेल्या ऑनलाइन जाहिराती? विंडोज पोटातल्या ग्राफिक्सला एकूण रॅमच्या साधारण निम्मी रॅम वापरू देतं, तोच आकडा काही विक्रेते ग्राफिक्स कार्ड असल्यासारखा छापतात. खरं कार्ड असेल तर जीफोर्स किंवा रेडिऑन आरएक्स असं नाव आणि नंबर स्वतंत्र लिहिलेला असतो. जीफोर्स एमएक्स५५० सारखी २ जीबीची कार्डंही काही ऑल-इन-वनमध्ये येतात. पोटातल्या ग्राफिक्सपेक्षा बरी, पण त्यासाठी फार जास्त मोजू नका.

पडद्याचा मोह

फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल, क्यूएचडीवर ३६.९ लाख, फोर-केवर ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला तेवढे रंगवायचे म्हटल्यावर पोटातलं ग्राफिक्स दमणारच. गेमसाठी फुल एचडी पुरे. मोठा पडदा आधीच घेतला असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १६०० बाय ९०० वर आणा किंवा रेंडर स्केल कमी करा.

पुढे प्लेस्टेशन जोडायचा विचार असेल तर मागचं एचडीएमआय ‘इन’ (बाहेरचं चित्र आत घेणारं) आहे की ‘आउट’ ते बघा. बऱ्याच मशीनला फक्त आउट असतं, म्हणजे तुमचा सुंदर पडदा कन्सोलसाठी निरुपयोगी.

आयमॅक गेमसाठी घेऊ नका. व्हॅलोरंट मॅकवर नाही, काउंटर-स्ट्राइक २ नेही २०२३ मध्ये मॅक सोडला आणि अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिपवर बूट कॅम्पने (मॅकवर विंडोज टाकायची अ‍ॅपलची सोय) विंडोज टाकता येत नाही.

आधीच घेतलंय आणि गेम अडकतोय

आधी फ्रेम अडकतायत की नेट, हे वेगळं करा. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे पुण्या-नाशिकहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वाईट येत असेल तर संशय वायफायवर घ्या. राउटर ५ गिगाहर्ट्झवर लावा किंवा सरळ लॅनची वायर जोडा. पिंग ठीक आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी असेल तर मात्र दोष मशीनमध्ये.

पहिली दहा मिनिटं मस्त आणि मग घसरण, असं होत असेल तर ते उष्णतेमुळे. लोक ऑल-इन-वन भिंतीला चिकटवून ठेवतात, वर कपाटाचा कप्पा, मागे कापडी पडदा. गरम हवा जायला जागाच राहत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मागे वीतभर जागा सोडा, जाळ्यांवरची धूळ काढा. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर आहे ना, तेही बघा. नव्या मशीनबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस काढून टाकलात तरी चालतं, विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे.

व्हॅलोरंट उघडताना व्हॅन९००१ किंवा व्हॅन९००३ असा एरर आला तर ते मशीन कमजोर असल्यामुळे नाही. विंडोज ११ वर या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या बंद असू शकतात. चालू करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) रिकव्हरी की कुठे आहे ते पाहून ठेवा, नाहीतर रीस्टार्टनंतर विंडोज तीच मागत बसेल. जुनं, वापरलेलं ऑल-इन-वन स्वस्तात मिळतंय म्हणून उचलताना हेच आठवा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या जवळजवळ सगळ्याच चिप विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बिलाआधीचे दोन प्रश्न

वॉरंटी घरी येऊन देणार की मशीन सेंटरला न्यायचं? पडदा गेला तर इथे अख्खा कॉम्प्युटरच दुरुस्तीला जातो, त्यामुळे सेंटर जिल्ह्याच्या गावी असेल तर ऑनसाइट वॉरंटीचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

दुसरा यूपीएसचा. बॅटरी नसल्याने लाइट गेली की मॅच तिथेच संपली, आणि अपडेट चालू असेल तर विंडोजही जाऊ शकतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला साधा ६०० व्हीएचा यूपीएस भागतो. अ‍ॅडॉप्टरवरचे वॅट वाचा, ते यूपीएसवर लिहिलेल्या वॅटपेक्षा बरेच कमी हवेत. आणि राउटरही त्याच यूपीएसवर लावा.