स्तनाचा कॅन्सर: ऑपरेशन ठरवण्याआधी डॉक्टरांशी कसं बोलायचं

फाईल तारखेप्रमाणे लावा, रोजच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. पुढे.

आत कोण जाणार ते घरीच ठरवा: पेशंट आणि लिहून घेणारं एक माणूस, बस. दीर, नणंद, भाचा असा सगळा लवाजमा केबिनमध्ये शिरला की आपले इंदूरचे डॉक्टर समोर बसलेल्या बाईला सोडून मागे उभ्या पुरुषांशी हिंदीत बोलायला लागतात, आणि जिचं ऑपरेशन आहे ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसते. दारातच होणारी ‘आईला काही सांगू नका हं’ ही कुजबुज तर बंदच करा. संमतीपत्रावर सही आईचीच लागणार आहे.

बायॉप्सीचा रिपोर्ट पुरा आहे का ते बघा. त्यात ग्रेड (पेशी किती बिघडल्या आहेत), ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारा कॅन्सर आहे का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रोटीन) हवेत. हर-टूपुढे 2+ लिहिलं असेल तर उत्तर अजून आलेलं नाही. फिश नावाची तपासणी बाकी आहे. ती झाल्याशिवाय औषधांचं काहीच पक्कं ठरवू नका, कारण हर-टू पॉझिटिव्ह निघालं तर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध येतं, तेही बहुधा दर तीन आठवड्यांनी वर्षभर. खर्चाचं गणितच बदलतं. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांची मर्यादा आहे. त्यात कोणतं औषध बसतं, हे हॉस्पिटलच्या आयुष्मान काउंटरवर आधीच विचारा.

आता खरा पेच. डॉक्टर म्हणतात, ‘दोनों हो सकता है, आप लोग सोचकर बताइए.’ म्हणजे फक्त गाठ काढा किंवा पूर्ण स्तन. बाहेर बाकावर येताच निकाल लागतो: ‘पूर्णच काढून टाका, कटकट नको.’ हा सल्ला देणाऱ्यांना वाटतं की जास्त कापलं म्हणजे जास्त वाचलं. तसं नाही. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. अमेरिका आणि मिलानमधल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निकाल 2002 सालीच छापून आले आहेत. स्तन राखला तर त्यात पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी राहते, म्हणून मॅमोग्राफी चुकवायची नाही. काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग दिसला तर दुसऱ्यांदा ऑपरेशनही लागू शकतं. पण पूर्ण काढल्याने केमो टळत नाही. ती रोगाच्या जातीवर आणि पसरण्यावर ठरते. काखेतल्या गाठींत (लसिकाग्रंथींत) रोग असेल तर पूर्ण काढूनही बरेचदा रेडिएशन लागतंच.

म्हणून विचारायचं ते असं: ‘सर, मेरे केस में स्तन बच सकता है? नहीं, तो किस कारण से?’ कारण खरंच असू शकतं: वेगवेगळ्या भागांत गाठी, छातीला आधी दिलेलं रेडिएशन, सूज-लाली घेऊन आलेला रोग. पण कधीकधी कारण एवढंच असतं की पेशंट लांबच्या खरगोनची आहे आणि रोज येणं जमणार नाही, असं डॉक्टरांनी गृहीत धरलंय. रेडिएशन अनेकदा 15 वेळाच असतं, आठवड्यातले पाच दिवस, तीन आठवडे. इथे इंदुरात सुदामानगरला मावशी राहते आणि तिच्याकडे राहता येईल, हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कसं कळणार?

‘तुमच्या घरची बाई असती तर काय केलं असतं?’ हा प्रश्न सगळ्यांना आवडतो आणि तो निरुपयोगी आहे. डॉक्टरांच्या घरच्या बाईचं वय वेगळं, रिपोर्ट वेगळा. त्याऐवजी आकडे शंभर बायकांच्या हिशोबात मागा. ‘केमोने धोका तीस टक्के कमी होतो’ हे ऐकायला फार मोठं वाटतं. समजा, केमोशिवाय शंभरातल्या दहा जणींना रोग परत होणार होता; तर तो आता सात जणींना होईल. फायदा तिघींचा. कुणाला तेवढा पुरतो, कुणाला नाही. ते पेशंटने ठरवावं, पण आकडा कळल्यावर.

केमो आधी देणार असतील तर गाठीत खुणेची बारीक क्लिप बसवणार का, हे विचाराच. गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडायला हवी. काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की एक-दोन तपासणीपुरत्या? सगळ्या काढल्या तर हात सुजण्याचा त्रास वाढतो. पुढे मूल हवं असेल तर स्त्रीबीज गोठवण्याचं पहिल्या केमोआधी बोला. नंतर उशीर होतो.

उठण्याआधी पेशंटने स्वतःच्या तोंडून ठरलेलं सांगायचं: ‘मैं जो समझी वो बताती हूँ, गलत हो तो टोकिए.’ निम्मे गैरसमज इथेच पकडले जातात. ‘गलत’ ऐकून लाजू नका.

दुसरं मत घ्यायचं असेल तर सरळ सांगून घ्या. एक-दोन आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. महिने मात्र घालवू नका. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून बायॉप्सीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही सही करून ताब्यात घ्या. ब्लॉक मेणाचे असतात, तेव्हा मे महिन्यात ते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मुंबईच्या अवंतिका एक्सप्रेसमध्ये हातातल्या पिशवीतच राहू द्या.