घरातला स्मोक अलार्म: कोणता घ्यावा, कुठे लावावा, कधी बदलावा

फ्लॅटमध्ये आग लागली की ज्वाळांच्या आधी धूर येऊन पोहोचतो, आणि गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहता येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सोसायटीला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून 'बी फॉर्म', म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावा लागतो. पण तो इमारतीच्या यंत्रणेसाठी. तुमच्या बेडरूममध्ये धूर भरला तर उठवायला कोणी आहे का, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

खरेदी करताना

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: त्यात स्वतःचा भोंगा आहे का आणि तो सेलवर चालतो का? ऑनलाइन 'स्मोक डिटेक्टर' म्हणून स्वस्तात मिळणारे बरेच नग इमारतीच्या फायर पॅनलला (आगीच्या इशाऱ्याच्या मध्यवर्ती यंत्रणेला) जोडायचे असतात. पॅनल नसेल तर घराच्या छतावर ते नुसते शोभेला राहतात. घरासाठी 'स्टँडअलोन' अलार्म हवा.

प्रकार फोटोइलेक्ट्रिक घ्या. आतल्या काळ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत असतो. धुराचे कण शिरले की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. गादी किंवा वायरिंग धुमसत असेल तर हा प्रकार लवकर ओळखतो, शिवाय फोडणीच्या धुराने आयोनायझेशन प्रकारापेक्षा (यात धूर ओळखायला किंचित किरणोत्सारी पदार्थ वापरतात) कमी वेळा फसतो. खोक्यावर ईएन १४६०४ (युरोपीय) किंवा यूएल २१७ (अमेरिकी) हे मानक छापलेलं असावं. १० वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेला मिळाला तर तोच घ्या, कारण त्यातले सेल काढून कोणी रिमोटमध्ये घालू शकत नाही.

जागा

अलार्म बंद पडण्यापेक्षा लोकांनी वैतागून बंद केल्याची भीती मला जास्त वाटते, आणि तो वैताग बहुतेक वेळा चुकीच्या जागेमुळे येतो. शेगडीपासून १० फूट, बाथरूमच्या दारापासून ३ फूट, आणि देवघरातल्या धूप-अगरबत्तीपासूनही जरा लांब. अलार्म छतावर, शक्यतो मध्यावर लावायचा असतो. आपल्याकडे नेमका तिथे पंखा असतो. मग पात्याच्या टोकापासून किमान ३ फूट सोडा, नाहीतर वारा धूर अलार्मपर्यंत पोहोचूच देत नाही. एसीच्या झोतालाही हेच लागू. मात्र कोपऱ्यात सरकवू नका. तिथे हवा साचून राहते. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा.

प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, हे उत्तम. एकच परवडत असेल तर पॅसेजमध्ये लावा. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म नको, तिथे तापमानावर चालणारा हीट अलार्म लावा.

हा अलार्म गॅसगळती ओळखत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा डिटेक्टर जमिनीलगत लागतो. गॅस गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइडही याला कळत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म घ्यावा लागतो.

जुना बदलताना

१. अलार्म उतरवून मागचं लेबल वाचा. १० वर्षं मोजायची ती तिथल्या उत्पादनाच्या तारखेपासून, खरेदीच्या नव्हे. तारीख पुसली गेली असेल तर बदलूनच टाका. बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे तो चांगला आहे असं नाही. बहुतेक अलार्ममध्ये बटणाने भोंगा, बॅटरी आणि सर्किट तपासलं जातं, सेन्सर धूर पकडतो का हे कळत नाही. मिनिटाभराने 'टिक' असा आवाज येत असेल तर सेल उतरलेत. नवे घालूनही तो थांबला नाही, तर अलार्मचंच आयुष्य संपलं.

२. तो वायरने जोडलेला असेल तर हात लावू नका. नव्या टॉवरमध्ये तो बहुधा इमारतीच्या पॅनलशी जोडलेला असतो, त्यामुळे सोसायटीला कळवून एजन्सीकडूनच बदलून घ्या.

३. सेलवरचा असेल तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवून काढा. जुनी बैठकही काढा, नवा अलार्म सहसा तिच्यावर बसत नाही. पातळ पीओपीत स्क्रू टिकत नाही. आतली फ्रेम शोधून तिथे कसा.

४. बॅटरीची पट्टी ओढा किंवा स्विच चालू करा, बटण दाबून धरा आणि बदलायचं साल मार्करने कडेला लिहा.

५. आता बेडरूमची दारं लावा, पंखे-एसी चालू करा आणि कोणाला तरी पुन्हा बटण दाबायला सांगा. सगळ्या खोल्यांत आवाज नीट येतोय का ते पाहा. आजी-आजोबांना नेहमीचा चिरका आवाज अनेकदा ऐकू येत नाही, कानातलं यंत्र काढून ठेवल्यावर तर नाहीच. त्यांच्यासाठी ५२० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाचा, किंवा उशीखाली थरथरणारा अलार्म मिळतो. जरा महाग पडेल, पण घ्याच.

नंतरची देखभाल

महिन्यातून एकदा बटण दाबा. सहा महिन्यांनी व्हॅक्युमच्या मऊ ब्रशने धूळ आणि कोळिष्टकं काढा. बारीक किडा आत शिरला तरी अलार्म उगाच वाजतो. रंगकाम असेल तेव्हा प्लास्टिकने झाका आणि काम संपलं की त्याच दिवशी प्लास्टिक काढा. फोडणीमुळे वाजला तर सेल न काढता 'हश' (थोडा वेळ आवाज बंद करणारं) बटण दाबा.

उतरवलेला अलार्म ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला आयोनायझेशन प्रकारचा असेल, तर त्यात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतो. तो अलार्म फोडू नका, जाळूही नका.