महाराजांच्या घराण्याचा इतिहास लिहायला घेताना

मठाच्या गादीवरच्या महाराजांचं, म्हणजे संतपरंपरेतल्या एखाद्या घराण्याचा इतिहास लिहायचं ठरलं की मंडळी वंशावळीचा एक मोठा कागद पसरतात. मी दोन मागते. एकावर रक्ताचा वंश, दुसऱ्यावर गुरुपरंपरा. पैठणच्या नाथांचंच बघा: भानुदास, चक्रपाणी, सूर्यनारायण, एकनाथ हा वंश, गुरू मात्र देवगिरीचे जनार्दनस्वामी. मठ किंवा फड (वारकऱ्यांची परंपरेने चालत आलेली मंडळी) कधी मुलाकडे जातो, कधी शिष्याकडे. दोन्ही एकाच कागदावर आले की पुढच्या पिढीला शिष्यच नातू वाटू लागतो. लेकींनाही त्या कागदावर जागा द्या. कवी मुक्तेश्वर नाथांच्या मुलीचे चिरंजीव. मुलांचीच नावं लिहिली असती, तर ते यादीत आलेच नसते.

सुरुवात घरातल्या दप्तरापासून करा. सनदा, पत्रं, लग्नपत्रिका, आणि पोथ्या. हस्तलिखित पोथीचं शेवटचं पान आवर्जून उघडा. नक्कल कोणी केली, कुठल्या गावी, कोणत्या तिथीला, हे पुष्कळदा तिथे लिहिलेलं असतं.

मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये नेमकी वही काढतात. यात्रेला आलेला माणूस स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं नाव नोंदवून सही करतो. त्या दिवशी तो तिथे होता, याला ही नोंद पक्का पुरावा आहे. पणजोबांच्या नावापुरती मात्र ती त्याची आठवण समजावी, आणि दुसरीकडे ताडून पाहावी. मठाला इनाम जमीन असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. इनामाच्या चौकशीत हक्क सांगणारे आपली वंशावळ जोडत. ती मोलाची असते, पण हक्क शाबीत करायला लिहिलेली असते, एवढं ध्यानात ठेवून वाचा. हे कागद बहुतेक मोडीत असतात. मी मोडी वाचते, तरी अडलेल्या नावाचा अंदाज कधी छापत नाही. तिथे प्रश्नचिन्हच ठेवते.

इंग्रजी साल काढायला शके सनात सरसकट ७८ मिळवू नका. समर्थांचं निर्वाण शके १६०३, माघ वद्य नवमीचं. ७८ मिळवले तर १६८१ येतं. पण माघ येईतो इंग्रजी साल पालटलेलं असतं, म्हणून १६८२. माघ-फाल्गुनातल्या पुण्यतिथ्या अशाच एका वर्षाने चुकतात. मूळ तिथी आणि शके नेहमी शेजारी छापा.

फोटोंना सगळ्यात जास्त वेळ द्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट तिरप्या उजेडात टिपा. सुटा असेल तर पुढून-मागून दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागची पेन्सिलची ओळ, पुठ्ठ्यावर उठवलेलं स्टुडिओचं नाव, यावरून काळ ठरायला मदत होते. मग भिंग घ्या. शालीच्या काठावर कुंचल्याचे फटकारे दिसतात का, चेहऱ्याची सावली खुर्चीच्या सावलीशी जुळते का, हे बघा. निधनानंतर रंगवून घेतलेलं चित्र आणि त्या चित्राचा पुढे काढलेला फोटो, घरोघरी दोन्हींना ‘महाराजांचा फोटो’च म्हणतात. भक्तांच्या देव्हाऱ्यात दोन्हींचा मान सारखा, आणि तो तसाच असावा. इतिहासात मात्र कोणतं काय, हे सांगितलंच पाहिजे. ओळख पटवताना वडीलधाऱ्यांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसले की थोरल्याच्या तोंडून नाव निघतं आणि बाकीचे माना डोलावतात. कोणी ओळखलं, कधी, त्यांचं नातं काय, हे फोटोखालीच लिहा.

चमत्काराच्या कथा गाळू नका. ‘घराण्यात असं सांगतात’ म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासह द्या.

छापण्याआधी मसुदा भाऊबंदांच्या सगळ्या शाखांना दाखवा, फोटोंची परवानगी लेखी घ्या. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते छापू नका.